नानांनी न बसवलेले दगड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या गल्लीतल्या गंगाकाकू ज्या दगडावरून पडल्या, तो फरशीवाल्या नानांनी बसवलेला नव्हता. तो मी बसवून घेतला होता. गल्ली मात्र एकोणीस वर्षं नानांना बोल लावते आहे, आणि मी त्याच गल्लीत राहून ते ऐकतो आहे.

जाफराबादेकडच्या आमच्या गावात पेठेतून नदीकडे उतरत गेलेली काळ्या दगडांची गल्ली होती. नानांच्या आज्यानं ती बांधली, नानांनी सांभाळली. गल्लीच्या तोंडाशी आले की नाना चपला काढून हातात घेत. सोवळ्याचा प्रकार नव्हता तो. "चपलीला काय कळतं रे दिल्या? दगड हलून राह्यला का न्हाई, ते तळपायालाच कळतं," म्हणत. वैशाखात दहा वाजले की ते दगड चुलीवरच्या तव्यासारखे तापायचे, म्हणून नाना पहाटेचंच चालून घेत आणि हलणाऱ्या दगडावर गेरूची फुली मारत.

पावसाळ्याच्या आधी ते छिन्नी-हातोडा घेऊन बसत. पावलांनी गुळगुळीत झालेल्या दगडांना, जात्याला लावतात तशी टाकी लावत, म्हणजे ओल्यात पाय सटकत नसे. ती टकटक सुरू झाली की बाया कुरडया-पापडांची घाई करत. पाऊस आता लांब नाही, हे नानांवरून कळायचं.

गल्लीत नवी सून आली की नाना तिला चालायला शिकवत. "सूनबाई, टाच मारायची न्हाई, आख्खं पाऊल ठिवा. सासू जिथं पाय टाकती तिथंच टाका. शिव्या मंग घरात जाऊन द्या." सासवाही हसत. मोटारसायकल दामटत कुणी आलं, की हातोडा आडवा धरून विचारत, "जल्दी हाय का? मंग सडकेनं जा की. हितं दगडसुद्धा बसायला आठ रोज घेतो."

ते आठ दिवस नानांचा कायदा होता. गल्लीत चर खणला, तर तो मातीनं भरून तीन वेळा पाणी पाजायचं, माती धुम्मसानं ठोकून घट्ट करायची आणि आठ दिवस थांबायचं. माती जेवढी बसायची तेवढी बसू द्यायची. मगच वर दगड.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, नळाच्या पाइपलाइनच्या ठेकेदाराकडे नवाच सुपरवायझर लागलो होतो. गल्लीतला चर माझ्याच देखरेखीखाली खणला गेला. नानांनी उपटलेल्या प्रत्येक दगडावर गेरूनं बाण काढला, कोणतं तोंड नदीकडे ते कळावं म्हणून. त्याच दिवशी वाटूरहून निरोप आला, त्यांची बहीण सिरियस होती. जाताना मला म्हणाले, "पाणी पाज, धुम्मस मार. मी येस्तोवर एक बी दगड टाकायचा न्हाई. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो.

पाच दिवसांवर माझ्या बहिणीचं लग्न होतं. आई सारखी दारात उभी राहून चराकडे बघायची. "नवरदेव काय बेडकावानी उड्या मारत येणार का? तू साहेब झाला ना पाइपाचा? मंग बुजव की!" चौथ्या दिवशी दुपारी, गल्ली आमच्या हळदीला देवळात जमली असताना, मी मजूर लावले. पाणी नाही, धुम्मस नाही. कोरडी माती ढकलली आणि संध्याकाळच्या आत दगड टाकून मोकळा झालो. गल्ली दिसायला पहिल्यासारखी झाली. शेजारच्यानं विचारलं, "नाना येऊन गेले वाटतं?" मी म्हणालो, "हो, दुपारीच."

एवढंच बोललो मी. पुढचं गल्लीनं केलं.

वरात थाटात गेली. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. त्याच्या दुसऱ्या सकाळी गंगाकाकू डोक्यावर दळणाचा डबा घेऊन निघाल्या, दगड पायाखाली कलंडला आणि त्यांचा खुबा मोडला. पीठ व्हायचे गहू गल्लीभर पसरले होते.

नाना परत आले तेव्हा गल्ली त्यांची वाटच पाहत होती. काकूंचा मुलगा म्हणाला, "नाना, हात थरथरून राह्यला असंल तर सांगायचं व्हतं. माझी माय लंगडी केली तुम्ही." नाना त्या दगडापाशी बसले. हातोड्यानं ठोकून ऐकलं. सांध्यात बोट घालून खालची माती वर काढली. वर चिखल, आत कोरडी. मग दगडावरचा, पावसानं पुसट झालेला बाण पाहिला. तो नदीकडे नव्हता, उलटा पेठेकडे होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ठेकेदार माझ्या शेजारी उभा होता. मी बोललो असतो तर नोकरी त्याच जागी गेली असती. मी मापाची वही उघडून पानं उलटू लागलो.

नाना थांबले. माझ्यासाठी थांबले, हे मला तेव्हाही कळत होतं. मग म्हणाले, "चुकलं. दगड नीट बसला न्हाई." कुणाचं चुकलं, ते त्यांनी सांगितलं नाही. गल्लीनं आपलं समजून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात दगडांवर सिमेंट ओतायचं ठरलं. "नानाचा भरवसा आता न्हाई," असं बैठकीत चौघं म्हणाले. मीही बैठकीत होतो. नाना मुलाकडे वडीगोद्रीला निघाले, तेव्हा मला स्टँडवर भेटले. जन्मभर मला दिल्या म्हणणारा माणूस जीपमध्ये चढताना म्हणाला, "येतो, दिलीपराव. तुम्ही जपून ऱ्हा." मी पिशवी द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती स्वतःच उचलून घेतली होती.

यंदा ते गेले. दहाव्याला मी वडीगोद्रीला गेलो. नानांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तुम्ही तव्हा तिथंच व्हते. आमच्या आबानं खरंच कच्चं काम केल्तं का? मी इचारलं की ते उठून जायचे." माझ्यासमोर चहा होता. मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे बाबा, जाऊ दे." त्यानं मान हलवली आणि पाहुण्यांकडे गेला. दुसऱ्यांदा नानांना मीच खोटं पाडलं, आणि या वेळी तर नोकरीही पणाला नव्हती.

गंगाकाकू अजून आहेत. काठी घेऊन ओट्यावर बसतात, नवी कुणी भेटली की पाय दाखवून नानांचं नाव घेतात. त्या ओट्यावर, चार माणसांत, तो दगड माझा होता हे मला सांगायचं आहे. मग वडीगोद्रीला जाऊन त्या मुलाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. हे मी लिहिलंय, पण लिहिल्यानं ते फिटत नाही.