जावेची बातमी

माझी धाकटी जाऊ यवतमाळकडची. लग्न होऊन रायपूरला आली तेव्हा तिला हिंदी धड बोलता येत नव्हतं. भाषा सुधारावी म्हणून ती रोज सकाळी हिंदी पेपर मोठ्यानं वाचायची. सासूबाईंना मोतीबिंदू, त्या भाजी निवडत ऐकायच्या. अडलेला शब्द ती मला विचारायची आणि मी ऑफिसच्या घाईत काहीतरी सांगून निघायचे. दुपारी ती पंडरी बाजारातल्या दुकानांतून आलेल्या साड्यांना फॉल-पिको करायची. तिची मशीन चालू असली की घर भरल्यासारखं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, नळाच्या पाण्याला वास यायला लागला. नळाचा पाइप गटाराला लागूनच गेलेला होता. वस्तीतली माणसं पाण्याच्या कार्यालयात जाऊन सांगून आली. तिथं त्यांना सांगितलं, तपासणी झाली आहे, पाणी चांगलं आहे. तपासणीचा अहवाल मागितला तर तो दाखवता येत नाही म्हणाले. मग एकेका घरात कावीळ निघू लागली.

जावेला तेव्हा सहावा महिना होता. सकाळी आरशासमोरून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, माझे डोळे पाहा बरं." हळद लावल्यासारखे पिवळे होते. तिला आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात दाखल केलं. सासूबाईंनी एका वैद्याकडून काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घातली, पण ती दवाखान्याच्या खाटेवर, सलाइन चालू असताना. नर्सनं पाहिलं आणि राहू दिलं.

आठवडा पुरा व्हायच्या आत ती गेली. पोटातलं बाळही गेलं. डॉक्टरांनी माझ्या दिराला बाजूला घेऊन सांगितलं की हे पाण्यातूनच आलेलं आहे, तुमच्या भागातले बरेच पेशंट येत आहेत. कागदावर मात्र त्यांनी यकृत निकामी झालं एवढंच लिहिलं. दिरानं विचारलं तर खाली मान घालून म्हणाले, "इतना ही लिख सकता हूँ."

तेरवी झाल्यावर एक पत्रकार घरी आला. वय तिशीच्या आसपास. त्याचे आजोबा अमरावतीचे. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत द्यायचा. तो नुसता आमच्याकडे येऊन गेला नाही, वस्तीतल्या प्रत्येक आजारी घरात बसला. अहवालासाठी पाण्याच्या कार्यालयातही गेला. तिथं त्याला फाटकाच्या आत जाऊ दिलं नाही. जे सांगायचं ते आम्हीच लिहून पाठवू, म्हणाले. हे त्यानंच आम्हाला सांगितलं. दीर त्याच्याशी खूप वेळ बोलला. तिच्या मरणानंतर त्याला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. सासूबाईंनीही आपणहून सांगितलं, "मी माळ पण घातली बेटा. काही म्हणजे काही सोडलं नाही." त्यानं फोटो मागितला तेव्हा त्यांनी तिचा लग्नाआधीचा, एकटीचा फोटो काढून दिला.

बातमी आली त्या दिवशी पेपरचं पहिलं पान सरकारी जाहिरातीचं होतं. नळाखाली ओंजळ धरलेली एक हसरी बाई. आमची बातमी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. अफवांमुळे वस्तीत घबराट, पाणी पूर्णपणे शुद्ध, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. शेवटी लिहिलं होतं की एका घरात माळ आणि झाडफूक करण्यात वेळ गेला, म्हणून पेशंट दगावली. खाली त्या पत्रकाराचं नाव होतं.

दिरानं उभ्या उभ्या वाचलं आणि पेपर घडी करून कपाटावर टाकला. सासूबाई वाच म्हणाल्या तर म्हणाला, आज काही नाही आलं. तो बाहेर गेल्यावर त्यांनी पेपर शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला.

दोन-चार दिवसांनी पत्रकार फोटो परत द्यायला आला. दीर आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. पत्रकार दारातच उभा राहिला आणि सासूबाईंना म्हणाला, "काकी, वो मेरा लिखा हुआ नहीं है. नाम मेरा है, लिखा मेरा नहीं है."

सासूबाईंनी फोटो पदरानं पुसला. मग आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. त्यानं ग्लास हातात घेतला, पण तोंडाला लावेना.

"पी," त्या म्हणाल्या. "उकळलेलं आहे."

त्यानं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि गेला.

दिरानं मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. अहवाल द्या, एवढीच मागणी. उत्तर आलं की प्रकरण चौकशीत आहे, माहिती देता येत नाही. चौकशी कोण करतं आहे, हे विचारलं तर तेही सांगता येत नाही. त्याच सुमारास एक मोबाइलवरचा चॅनलवाला आमच्या घरी आला. त्यानं रडकं संगीत लावून व्हिडिओ केला, मेलेल्यांचे आकडे मनानेच वाढवले आणि जावेच्या जागी भलत्याच बाईचा फोटो लावला. कार्यालयाला तेवढंच हवं होतं. सगळंच खोटं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. दिराला ठाण्यात बोलावून, पुन्हा अफवा पसरवणार नाही, असं लिहून घेतलं. त्यानंतर वस्तीही फिरली. ज्यांच्या घरात कावीळ होऊन गेली होती तेच म्हणू लागले, सब बिके हुए हैं, पेपरवाले पण आणि व्हिडिओवाले पण, आणि तुम्ही उगाच नादी लागलात.

पावसाळ्याआधी काही माणसं आली. गल्ली खोदून त्यांनी नवीन पाइप टाकला. काहून बदलून राहिले, असं मी विचारलं तर मुकादम म्हणाला, रूटीन काम है दीदी. वास गेला. झालं काय होतं, ते कोणीच कधी सांगितलं नाही.

दीर नागपूरला निघून गेला. आता महिन्यातून एकदा फोन करतो आणि हवापाण्याचं बोलतो. तो पत्रकार मला मागच्या वर्षी तेलीबांधा तलावावर भेटला. पेपर सोडून एका बिल्डरच्या जाहिराती लिहितो. मी काही विचारायच्या आधी त्यानंच अहवालाचं विचारलं. नाही मिळाला, मी म्हटलं. त्यानं मान हलवली.

सासूबाईंचं ऑपरेशन झालं, आता त्यांना स्वतःला वाचता येतं. पण पेपर बंद आहे आणि तो पुन्हा लावा असं त्याही म्हणत नाहीत. परवा मी त्यांच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "माळ घालण्यात दिवस गेले गं. मीच मारलं तिले."

मी म्हटलं, "आई, आपण त्याच दिवशी दवाखान्यात गेलो होतो. माळ तुम्ही तिथं घातली. मी होते ना तिथं."

त्यांनी केसांतला माझा हात थांबवला.

"मग पेपरात तसं काहून आलं असतं?"

मी पुन्हा सगळं सांगितलं, डोळे पाहिले तिथपासून खाटेपर्यंत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना ते पटलं नाही, हे त्या पाठमोऱ्या बसलेल्या असूनही मला कळत होतं.