झडतीबाईची साक्ष

कपड्यांच्या कारखान्यात सुटायच्या वेळी बायकांच्या पिशव्या तपासायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला झडतीबाईच म्हणत. कामाला चोख, पण तोंडाची गोड. डबा उघडायला लावताना "आज भाजी कसली होती गं?" असं विचारायची, म्हणजे समोरचीला ओशाळल्यासारखं होऊ नये.

एका संध्याकाळी काजं करणाऱ्या तिच्या मैत्रिणीच्या डब्यात दोऱ्याची रिळं निघाली. मागेच मॅनेजर उभा. झाकण लावून टाकायची सोयच उरली नाही. पोलीस आले आणि मैत्रिणीला घेऊन गेले. "मागच्या दाराने आणखी काय काय जात असेल!" असं म्हणत मॅनेजरने त्या दाराला कामाच्या वेळातही कुलूप ठोकायचं फर्मान काढलं. किल्ली अर्थातच विश्वासातल्या झडतीबाईकडे.

पुढच्याच आठवड्यात चिंध्यांच्या ढिगाने पेट घेतला. ती किल्ली घेऊन मागच्या दाराकडे धावली, पण धुरात कुलपाचं भोकच सापडेना. दार उघडलं तेव्हा कारखान्यातला इस्त्रीवाला दाराशीच कोसळलेला होता. तो काही वाचला नाही.

आता आपल्यालाही नेणार, म्हणून तिने जाऊबाईंकडे घराची निरवानिरव केली. पण कुणी आलंच नाही. तपासाला म्हणून एक सरकारी साहेब येऊन ऑफिसात बसून गेले आणि कागदोपत्री तो अपघात झाला.

"असं कसं हो, भावोजी?" तिने दिराला विचारलं. भावोजी युनियनमध्ये होते.

"सोपं आहे, वहिनी. मालकाचा दोरा गेला तर गुन्हा, कामगाराचा जीव गेला तर अपघात. कायदा मालमत्तेच्या राखणीला बसवलाय."

"म्हणजे तिने चोरी केलीच नाही?"

"केली. पण उपाशी माणूस..."

"उपाशी कुठली! घरी शिवणकाम घेते, त्याला दोरा लागला. आणि तुमची सायकल गेली तेव्हा चौकीत ठाण मांडून कोण बसलं होतं?"

"ते वेगळं," भावोजी पुटपुटले. त्यांचं म्हणणं तिला पटतही होतं आणि पचतही नव्हतं.

चोरीच्या खटल्यात कोर्टात वकिलाने विचारलं, "रिळं तुम्हीच पकडलीत?"

"हो. आणि दाराला कुलूपही मीच लावलं होतं, साहेब."

वकील चपापला. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "बाई, ते या प्रकरणात नाही."

"मग कुठल्या प्रकरणात आहे?"

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि पुढच्या साक्षीदाराला बोलवायला सांगितलं.

मैत्रीण दोषी ठरली. ताकीद देऊन सोडलं तिला, पण नोकरी गेली ती गेलीच. मॅनेजरने मात्र झडतीबाईच्या प्रामाणिकपणाचं चारचौघांत कौतुक केलं. तिला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "कुलूप मी लावणार नाही," एवढंच ती बोलली. मॅनेजरने खांदे उडवले आणि किल्ली वॉचमनच्या हातात दिली.

त्या रविवारी ती मैत्रिणीच्या दारात जाऊन उभी राहिली. "माझा राग आलाय ना?"

"आलाय. पण तुझाच की आणखी कुणाचा, ते काही कळत नाही बघ."

"मला इस्त्रीवाल्याच्या बायकोकडे जायचंय. काय बोलू गं तिच्याशी?"

मैत्रीण पायांत चपला सरकवत म्हणाली, "मला तरी काय ठाऊक? चल, मीही येते."

काय बोलायचं ते रस्ताभर दोघींना सुचलं नाही.