ओढ आणि सोड

दोर धरावा तर गोरखनंच, असं औंढ्यात एके काळी सगळे म्हणत. मळवलीला एका बंगल्याची राखण करता करता तो, दरीत अडकलेल्यांना वर काढणाऱ्या पोरांच्या टोळीत जाई. खाली उतरायचा हनुमंत, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. वर दोर धरायचा गोरख. खुणेसाठी शिट्टी वाजवायची, असा टोळीचा नियम होता. पण या दोघांना शिट्टी कशाला लागते? एकमेकांची हाक पुरे.

तीन वर्षांपूर्वी दरीत वारा घोंघावत होता. हनुमंत खालून ओरडला, “ओढ!” गोरखला ऐकू आलं, “सोड.” त्यानं दोर सोडला. हनुमंत पुन्हा वर आला नाही.

तेव्हापासून ‘सोड’ कानावर पडलं की गोरखची मूठ वळते आणि हातात असेल ते सुटत नाही. एकदा काचेचा पेला फुटला, रक्त आलं, तरी मूठ उघडेना. मग घरातून तो शब्दच गेला. त्याची आई आक्काबाई “वासराला मोकळं कर” म्हणू लागली. बायको, चैताली, बी.ए. झालेली, प्रत्येक वाक्य तोंडातून काढण्याआधी ती मनात चाचपून बघायची.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी औषधं दिली, बोलतं केलं, शेवटी मेंदूचा फोटो काढला. म्हणाल्या, “मेंदूत खोल एक छोटा भाग असतो. झालेली गोष्ट कधीची, कुठली, हे तो लावून ठेवतो. यांचा तो भाग थोडा लहान दिसतोय.”

“डोस्कं बारकं?” घरी ऐकून आक्काबाई भडकली. “त्या बाईला म्हणावं, दोन दिस अडले होते मी ह्याच्यापायी! कुनाचं टोपडं बसत न्हवतं!”

“आये, डोस्कं न्हाई गं, आतला तुकडा,” गोरख म्हणाला आणि हसला. त्या वर्षात तेवढाच.

चैतालीला हसू आलं नाही. तिनं डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं होतं, “हे त्या दिवसामुळे झालं, की आधीपासूनच होतं?”

“दोन्ही असू शकतं. काहींचा मुळात लहान असतो आणि त्यांना असा धक्का जास्त धरून बसतो. काहींचा नंतर होतो. यांचा आधीचा फोटो नाही, मी कसं सांगू?”

“मग माझ्या मुलीचा काढा. आत्ताच. काही व्हायच्या आत.”

“नुसत्या भीतीपोटी सात वर्षांच्या पोरीला मशीनमध्ये नाही घालत हो आम्ही. आणि त्यातून भविष्य कळत नाही.”

छकुलीच्या भुवया बापाच्या, दचकणंही बापाचं. चैतालीची आई म्हणत होती, पोरीला तळेगावला माझ्याकडे आण. चैताली म्हणाली, रविवारी आणते.

मंगळवारी संध्याकाळी छकुली बापाला टेकून अभ्यासाला बसली. त्यानं तिचं मनगट हातात घेतलं होतं, बांगडीशी खेळत. ती मोठ्यानं वाचू लागली, “खालील उदाहरणे सोडवा.”

मूठ वळली.

“पप्पा, दुखतंय! सोड! सोड ना!”

प्रत्येक शब्दानं मूठ आणखी आवळली. चैताली धावली. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं म्हणू लागली, “अहो, हे आपलं घर आहे. ही छकुली आहे. आज मंगळवार आहे.” पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आक्काबाई एकेक बोट उपसू पाहत होती. पोर आधी किंचाळली, मग गप्प झाली. तेव्हा कुठं मूठ उघडली.

गोरखनं विचारलं, “हन्म्या आला का वर?”

मग त्याला पोरीच्या मनगटावरचे काळेनिळे वळ दिसले. तो उठून गोठ्यात गेला आणि जेवायलाही आला नाही.

सकाळी चैतालीनं तळेगावला न्यायची पिशवी भरायला घेतली. गणिताचं पुस्तक चाळलं. ‘सोडवा’ हा शब्द छकुलीनं पेन्सिलीनं गिरवून काळा केला होता. कालच्या पानावरचा, आणि पुढच्या सगळ्या पानांवरचा.

“चल बाळा,” म्हणत तिनं मागून पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. छकुली दचकली नाही, वळलीही नाही. तिनं फक्त मूठ आवळली.

छकुलीचा ‘आधीचा’ फोटो काढायचा दिवस कालच निघून गेला होता.