अंगणातली आंघोळ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भोरच्या बाजारात मेथीची जुडीसुद्धा मी सोडून, आतली पानं बघून घेते. तेव्हा फौजेतून निवृत्त होऊन आलेला नवरा घरात न शिरता अंगणात आंघोळ करायला लागला, तर मी गप्प बसणार थोडीच.

हे घरी आले तेव्हा गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली होती. हलगी, गुलाल, चौकात ह्यांचा वर्दीतला मोठा फ्लेक्स. वेल्ह्याकडच्या आमच्या गावात बौद्धांची घरं मोजकी, पण त्या दिवशी जीप सगळ्या आळ्यांतून फिरून मग आमच्या वस्तीवर आली. माझे सासरे, आबा, फेटा बांधून जीपच्या पुढं चालत होते. त्यांच्या वडिलांकडं गावकीची कामं होती. ढोर मेलं, कुणी बेवारस मेलं, की पाटलाचा हुकूम यायचा आणि हातातला घास टाकून जावं लागायचं. आबाही काही वर्षं ते करत होते. मग एक दिवस त्यांनी ते कायमचं सोडलं. "माझ्या पोराच्या अंगाला मढ्याचा वास येनार न्हाई," असं चारचौघांत बोलून सोडलं. पोराला शाळेत घातलं, पुढं फौजेत धाडलं. जीपपुढं चालताना त्यांची मान जशी ताठ होती, तशी मी परत पाहिली नाही. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पुढच्याच उन्हाळ्यात फोन सुरू झाले. बहुतेक रविवारीच. फोन वाजला की हे ओसरीवरून उठून लांब जाऊन बोलायचे आणि मोटारसायकलला किक मारायचे.

"कुठं निघाला?"

"पानशेतला. काम हाय."

काय काम, ते नाही. ताकाला तूर लागू द्यायचे नाहीत. पानशेतला रविवारी कसलं काम असतं ते मला ठाऊक होतं. धरणाच्या काठानं हॉटेलं, पुणेकरांची फार्महाऊसं, संध्याकाळपर्यंत नुसता धिंगाणा. परत आले की उंबऱ्याबाहेरच थांबायचे. पिंपातलं गार पाणी अंगावर घ्यायचे, साबण घासघासून. अंगावरचे कपडेही स्वतःच धुवायचे. फौजेत धुवत असतील, पण माझ्या घरात ह्या माणसानं कधी रुमाल धुतला नव्हता.

शेजारीण म्हणाली, "मयतीला जाऊन आल्यावानी आंघोळ करत्यात गं तुझं मालक."

पण गावात कुणी गेलं नव्हतं, आणि सुतक-बितक आमच्या घरात कुणी पाळत नाही. मग एवढं धुवायचं काय होतं? दारूचा वास, की बाईच्या अत्तराचा?

त्यातच साड्या जायला लागल्या. आधी ट्रंकेतली एक जुनी सुती गेली, मग दुसरी. मग माझी निळ्या काठाची पांढरी साडी गेली, विहारात वंदनेला नेसायची.

"माझी पांढरी साडी बघितली का तुमी?"

"मला काय ठावं," हे म्हणाले, आणि बघितलं भिंतीकडं.

कुठंतरी पाणी मुरत होतं. मनातल्या मनात मी त्या बाईला माझी साडी नेसवून पाहिली आणि त्या आठवड्यात कालवणात मीठ जास्त पडत गेलं. चुकून नव्हे. आबा ओसरीवर बसून सगळं बघायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. मला त्यांचाही संशय यायला लागला. बाप-लेक एकाच माळेचे मणी, दुसरं काय.

पुढच्या रविवारी फोन आला, हे गेले आणि मी मागोमाग वडापच्या जीपमध्ये बसले. वाटेत भांडण सगळं जुळवून ठेवलं, पहिलं वाक्य कोणतं, दुसरं कोणतं. उतरल्यावर आधी हॉटेलांच्या दारात मोटारसायकल शोधली. नव्हती. ती होती पाण्याच्या काठाला, पोलिसांच्या गाडीशेजारी.

गर्दीतून वाट काढत मी पुढं गेले तेव्हा हे पाण्यातून वर येत होते. कमरेला दोर होता आणि हातांवर एक मुलगी. तिच्यात जीव नव्हता. लोकांनी मोबाईल वर धरले होते.

"मोबाईल खाली घ्या आदी!" हे ओरडले. असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

मग त्यांनी पिशवीतून माझी पांढरी साडी काढली. मुलीला झाकलं, आणि लेकरू झोपल्यावर गोधडी खोचावी तशी पायांखाली कड खोचली. मातीत बसलेल्या तिच्या आईजवळ उकिडवे बसून म्हणाले, "आई, आनली बघा तुमच्या लेकीला."

मी तशीच मागं फिरले. वडापमध्ये तोंडाला पदर लावून रडले. हे जीपमध्ये गुलालात उभे होते तेव्हा वाटला त्याहून किती तरी जास्त अभिमान मला वाटत होता. आणि खरं सांगते, एवढं जुळवलेलं भांडण वाया गेलं म्हणून जरा रागही आला.

संध्याकाळी हे पिंपाशी आले तेव्हा मी टॉवेल घेऊन उभी होते. "साडी बघितली म्या आज," मी म्हणाले.

"फौजेत पान्यात उतराय शिकलो," हे हळू बोलले. "हितं एवढं खोल कुनी जात न्हाई. एकदा पोलिसांनी बोलावलं, तवापास्नं जातो."

"मग मला सांगायला काय झालं हुतं?"

त्यांनी ओसरीकडं पाहिलं. "आबांना कळलं असतं. ज्यातनं सुटावं म्हनून त्यांनी मला फौजेत धाडलं, तेच काम मी करतोय. कुठल्या तोंडानं सांगू?"

त्या दिवसापासून लपवणारे आम्ही दोघं झालो. फोन वाजला की मीच आधी आबांकडं बघायचे. आबा बघतात तर ते कळून बघतात, की उगीच, हे काही उमगेना. म्हाताऱ्याची ती ताठ मान आपल्यामुळं खाली जायला नको, एवढंच मला वाटायचं.

मग एका सकाळी सगळे ओसरीवर चहा पीत असतानाच फोन आला. हे उठले.

"बाई हाय का बापय?" आबांनी विचारलं.

ह्यांचा पाय जागीच थांबला. "पोरगं हाय, आबा. कालिजातलं."

"वास मला पैल्याच दिशी कळला. साबनानं जात न्हाई त्यो." आबांनी कप खाली ठेवला. "तुला हुकूम हाय का कुनाचा?"

"न्हाई."

"न्हाई जात म्हनलास, तर चालतंय?"

"व्हय. चालतंय."

आबांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "आमाला चालत नव्हतं. जा."

मी आत जाऊन घडी न मोडलेली साडी आणली आणि आबांच्या देखत पिशवीत घातली.

दुपार कलल्यावर हे आले आणि नेहमीसारखे पिंपाकडं वळले.

"अंगनात कशाला?" ओसरीवरून आबा म्हणाले. "घरात न्हानी हाय की. आत ये."

हे उंबऱ्याशी घुटमळले. "आबा, वास..."

"यिऊ दे," आबा म्हणाले.