रेंज होती

बाजारकुणंगच्या पलीकडे आमच्या शेतात मत्तीचं एक झाड आहे. रेंज फक्त तिथेच येते. फोन पिशवीत घालून आई कोकम काढायच्या आकडीने तो वरच्या फांदीला अडकवायची आणि मी खाली त्याच फोनच्या नेटवर लॅपटॉप उघडून दूरच्या सर्व्हरवर काम करायची. कंपनीने एका अटीवर घरून काम करू दिलं होतं. रेंजपायी एक जरी काम अडलं, तर पुण्याला ऑफिसात परत यायचं. आईचे गुडघे पार गेले होते. तिला एकटी टाकून जायचं माझ्या जिवावर यायचं.

त्या दुपारी एका इस्पितळाची टोकन देणारी यंत्रणा बंद पडली. सर्व्हरवरच्या फाइलीत चार ओळी बदलायच्या होत्या, तीनच्या आत. दोन ओळी लिहिल्या आणि पडदा गोठला. किती टाइप केलं तरी काही उमटेना.

आमच्याकडे काहीही अडलं की रेंजच्या नावाने बोटं मोडायची. मीही तेच केलं. आई लंगडत आली आणि आकडीने फोन आणखी वर धरून उभी राहिली. पडदा ढिम्म. मी चिडून कळा बडवत सुटले. खोड, लिही, पुन्हा खोड. तीनला दहाच मिनिटं उरली.

तेवढ्यात लॅपटॉपवरच, त्याच नेटवरून, कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. रेंज नाही, असं मी सांगून टाकलं.

"तुझा आवाज तर शेजारी बसल्यासारखा येतोय," त्या म्हणाल्या.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रामनगरच्या टायपिंगच्या दुकानात मी दोन वर्षं काढली होती. तिथे वीज कधी जाईल याचा नेम नसे, म्हणून ओळ संपली की काम जपून ठेवायला कंट्रोल आणि एस दाबायची सवय हाडीमाशी खिळली होती. या जुन्या सर्व्हरवर त्याच कळांनी पडदा थांबतो. हे शिकले होते, पण बोटं मला विचारतात कुठे?

थांबलेला पडदा सोडवायला कंट्रोल आणि क्यू दाबलं. पडदा जागा झाला. मी आंधळेपणाने बडवलेलं सगळं धडाधड उमटलं आणि अर्धी फाइल गायब झालेली दिसली. नशीब, ती सेव्ह झाली नव्हती.

मॅडम ऐकत होत्या. आता खोटं रेटलं असतं तर पुणं ठरलेलंच होतं. खरं सांगायचीही लाज वाटत होती.

"रेंज होती, मॅडम. चूक माझी झाली."

मॅडम म्हणाल्या, "आधी काम संपव."

सेव्ह न करता फाइल बंद केली, पुन्हा उघडली, चारही ओळी एकेक तपासून लिहिल्या. तीनच्या आत टोकनं सुरू झाली. मॅडमनी पुढच्या वेळी नीट बघत जा, एवढंच सांगून फोन ठेवला.

मागून आईने विचारलं, "जावं लागतंय काय गं?"

"न्हाई."

तेव्हा कुठे तिने उंच धरलेली आकडी खाली घेतली आणि झाडाच्या मुळावर बसून ती गुडघे चोळू लागली.