वुर्यानीबाईंचे दोन अँपिअर

इंडोनेशियातल्या सालातिगा गावात, चढावरच्या गल्लीत सगळ्यात लहान घर वुर्यानीबाईंचं. वीज फक्त दोन अँपिअर. त्याहून जास्त ओढली की मीटरखालचा खटका पडायचा, अंधार व्हायचा, आणि त्यांचा नवरा सर्वादी स्टुलावर चढून तो वर करायचा. बाईंना या अंधाराची लाज वाटायची.

मग वॉर्डाच्या कचेरीत बायकांसाठी विजेचा वर्ग निघाला. बाकीच्या बायका तिथे मिळणाऱ्या नाश्त्याच्या डब्यासाठी गेल्या. या मात्र वीज शिकून आल्या.

"व्होल्ट म्हणजे मागून येणारा रेटा," त्या भाजी निवडताना सांगायच्या. "अँपिअर म्हणजे दारातून किती जण आत गेले ते. आणि ओहम म्हणजे दारात पाय पसरून बसलेले आमचे हे."

"मी काय केलं आता?"

"अडथळा. तुम्ही दुप्पट झालात की प्रवाह निम्मा!"

गल्लीतल्या बायकांची भिशी त्यांच्याकडे आली, तेव्हा बाईंनी आधीच गुणाकार केला. दोनशे वीस व्होल्ट गुणिले दोन अँपिअर, म्हणजे चारशे चाळीस वॉट. भाताचा कुकर साडेतीनशे, पंखा पंचेचाळीस, दिवा दहा. उरले पस्तीस. ते गाण्याच्या स्पीकरला.

गल्लीच्या अध्यक्षीण रेत्नानिंगबाईंनी माइक धरला. शेवटचा सूर त्यांनी असा ताणला, असा ताणला, की खटका पडला.

"कुणाचा पाय लागला गं वायरीला?"

"तुमचा सूर, बाई," अंधारातून वुर्यानीबाई म्हणाल्या. "पस्तीसच्या वर गेला. जेवढा मोठा आवाज, तेवढे जास्त वॉट."

रेत्नानिंगबाई रागावतील असं वाटलं होतं. पण त्या हरखल्याच. "म्हणजे माझ्या गळ्याने घर विझलं?"

झालं! आता प्रत्येकीला घर विझवायचं होतं. सर्वादी स्टुलावरून उतरलाच नाही; त्याला ताटलीही वरच दिली. पण तेवढ्यात भात शिजला, कुकर नुसता भात गरम ठेवायच्या तीस वॉटवर आला, आणि कुणी कितीही किंचाळलं तरी दिवा ढिम्म.

"फसवाफसवी आहे ही!" बायका ओरडल्या.

"अहो, आता साडेतीनशे वॉट शिल्लक आहेत. एवढा गळा आणायचा कुठून?"

मग पुन्हा तांदूळ धुतले. पुन्हा शिजले, पुन्हा धुतले. गल्लीभर भात वाटला तरी उरला.

त्यानंतर सगळ्यांना भिशी वुर्यानीबाईंकडेच हवी झाली. रेत्नानिंगबाईंच्या घरी सहा अँपिअर, तिथे गाऊन काही पडेना. शेवटी त्या वुर्यानीबाईंना घेऊन वीज कचेरीत गेल्या.

"वाढवून हवी ना?" कारकुनाने विचारलं.

"कमी. दोन अँपिअर."

"कमी? कशासाठी?"

रेत्नानिंगबाईंनी घसा साफ केला आणि गाऊन दाखवलं. तिथे काहीच विझलं नाही. अर्ज मात्र लगेच मंजूर झाला.