डोकरावाल्या सीरियलचा शेवट

दुर्ग स्टेशनावर गाडी हलली तेव्हा आई पदर तोंडाला लावून रडत होती. बाबा मात्र खिडकीचा गज धरून गाडीसोबत चालत होते आणि चालता चालता मला एक काम सांगत होते. "तिकडं ते डोकरावाली सीरियल पुन्हा लागली, तं शेवटचा भाग पाहजो. नीट पाहजो, अन् मले सांगजो." पोरगी पहिल्यांदा घर सोडून पुण्याला नोकरीला चाललीय, आणि बापाचा निरोप काय, तर टीव्हीवरची सीरियल पाहा! नीट राहा नाही, वेळेवर जेव नाही. समोरच्या बाकावरची बाई पदराआड हसली. पुढचं रसमडा स्टेशन मागे पडेपर्यंत मी बाबांवर चिडून बसले होते. त्यानंतर डोंगरगड येईपर्यंत रडले.

मागच्या महिन्यात भिलाईच्या आपल्या जुन्या क्वार्टर-लाइनीच्या ग्रुपवर कुणीतरी ती सीरियल टाकली, म्हणून हे सगळं वर आलं. आता ती मोबाईलवर सापडते आणि तेव्हा जन्मलीही नव्हती ती पोरंसुद्धा तिच्यावर जीव टाकतात, असं ऐकते. ग्रुपवर लगेच जुंपली. निम्मे म्हणतात, शेवटी डोकऱ्याचा पोरगा परत येतो, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचे म्हणतात, येत नाही, हे घ्या, स्वतःच बघा. तुम्ही जे भिलाईतच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, कुणी तर पार सातासमुद्रापलीकडे, त्या सगळ्यांसाठी एकदाचं लिहून टाकते. खरं काय ते मला माहीत आहे, कारण ती भानगड आमच्याच घरातून सुरू झाली.

तेव्हा छत्तीसगड झालं नव्हतं, आपण मध्य प्रदेशातले होतो. क्वार्टरांच्या लाइनीत टीव्ही मोजकेच, त्यातला एक आमचा. आठवड्यातून एकदा संध्याकाळी ती सीरियल लागायची. एक म्हातारा, खेड्यातला, बायको गेलेली. एकुलता एक पोरगा शहरात गिरणीत लागलाय. म्हाताऱ्याने त्याच्यासाठी नवा सदरा शिवून ठेवलाय आणि तो बगलेत मारून तो दर बाजारच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसतो. बस येते, माणसं उतरतात, पोरगा नसतो. म्हातारा घरी येतो. झालं, संपला भाग! म्हाताऱ्याला आमच्या नागपुरीतही डोकरा म्हणतात आणि छत्तीसगढीतही, म्हणून सगळ्या लाइनीत तिचं नाव डोकरावाली. ती सुरू झाली की आमच्या घरात दाटीवाटीने बसलेली पोरं "चल रे, डोकरा लग गया" म्हणत उठून खेळायला जायची. चालू होती तोवर त्या सीरियलला कुत्रं विचारत नव्हतं.

बाबा मात्र तिला धरून बसले. त्याला कारण होतं. बाबांचं गाव तुमसरकडचं, शेतकऱ्याचं घर. भिलाईच्या पोलाद कारखान्यात भरती निघाली तेव्हा ते आले ते आलेच. माझे आजोबा वारले त्या दिवशी गावाहून तार आली, पण बाबा शिफ्टमध्ये. शिफ्ट सुटून, गाडी धरून ते गावात पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. ओसरीवर बसलेल्या माणसांनी मान वर करून विचारलं, "आत्ता आला का?" बस, एवढंच. कुणी पाणी विचारलं नाही. बाबा ही गोष्ट फार सांगत नसत, पण एखाद्या दिवशी जेवता जेवता मध्येच म्हणायचे, "आत्ता आला का म्हणते मले." मग त्यांचा घास ताटातच राहायचा. आई फक्त भात वाढायची.

पण आवडून उपयोग काय? बाबांची ड्यूटी फिरती. एक आठवडा सकाळची, मग दुपारची, मग रातपाळी. सीरियलचा एक भाग दिसला तर पुढचे दोन हुकायचे. हुकलेला भाग आई दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सांगायची. मी शाळेची वेणी घालत ऐकायचे. आई सांगायची फार छान. डोकरा कसा खोकतो, कोंबड्या कशा हाकलतो, सगळं करून दाखवायची.

शेवटचा भाग लागला तेव्हा बाबा दुपारपाळीला होते, मी मैत्रिणीकडे आणि पोरं नेहमीप्रमाणे मैदानावर. तो भाग पाहिला एकट्या आईने. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कपबशी हातात घ्यायच्या आधी विचारलं, "काय झालं वो? आला का पोरगा?" आई स्टोव्हला पंप मारत होती. ती वळली नाही. म्हणाली, "आला ना. बसमधून उतरला. डोकरा उठला, सदरा दिला त्याले, अन् म्हणते, आला का? हातपाय धू. जेवाले बस."  बाबा उठून न्हाणीत गेले आणि नळ सोडून तोंड धुत बसले. चहा पार थंडगार झाला.

गंमत पुढेच आहे. सीरियल बंद पडली आणि मगच चालायला लागली. आमच्या मागच्या क्वार्टरातले देवांगन काका बाबांच्याच खात्यात, पण वेगळ्या पाळीत. दोघं पाळी बदलताना सायकल स्टँडवर भेटले, तेव्हा कळलं की बाबांचे हुकलेले भाग काकांनी पाहिलेत आणि काकांचे हुकलेले बाबांनी. मग आणखी एक निघाला, भिलाई-३ हून येणारा. कुणी सुरुवात पाहिलेली, कुणी मधलाच एक भाग. अख्खी कुणीच नाही. चहाच्या सुट्टीत एकेकाचा तुकडा जोडत त्यांनी ती पुन्हा उभी केली, आणि शेवट जोडला आईचा. दुसरा होताच कुणाकडे? जे टीव्हीसमोरून उठून गेले होते तेच आता विचारायला यायचे, "भाभी, वो आखरी वाला बताओ ना." आई सांगायची आणि दर वेळी तसंच्या तसं सांगायची, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

त्या वर्षी गणपतीत लाइनीने त्याचं नाटक बसवलं. डोकरा बाबा. पोरगा मी, कारण मोठी पोरं म्हणाली, एवढ्याशा कामासाठी कोण इतका सराव करणार. बाबांची जुनी पँट दोरीने आवळून, केस टोपीत कोंबून मी लाकडी बाकांच्या बसमधून उतरायचे. देवांगन काका कंडक्टर, त्यांच्या शिट्टीला सगळ्यात जास्त टाळ्या. नाटक हिंदीत, कारण लाइनीत तेलुगू होते, बंगाली होते, शेजारच्या कोहक्याहून येणारी छत्तीसगढी माणसं होती. पण शेवटच्या वाक्याला बाबांची हिंदी कुठे जायची कोण जाणे. मला पाहून ते सदरा पुढे करायचे आणि आमच्या घरातल्या बोलीत म्हणायचे, "आला का? हातपाय धू. जेवाले बस." ज्यांना मराठीचा गंध नाही त्या बायकासुद्धा डोळे पुसायच्या. नाटक दर वर्षी व्हायला लागलं आणि दुसऱ्या सेक्टरांतून लोक यायला लागले. तुमच्यातल्या निम्म्यांनी जे "डोळ्यांनी पाहिलं" ते हे. टीव्ही नव्हे, माझे बाबा.

एवढं सगळं होऊन बाबांच्या मनात मात्र एक किडा शिरला होता. दर वर्षी तो डोकरा करता करता त्यांना तो ओळखीचा झाला होता. मला एकदा म्हणाले, "तुही आई म्हणते तं आला असन. पण बेबी, त्या डोकऱ्याचं तोंड तसं नव्हतं वो. पोरगा येणाऱ्याचं तोंड वेगळं रायते." म्हणून स्टेशनावरचा तो निरोप.

पुण्यात मी कोथरूडला एका बाईंकडे खोली घेऊन राहत होते. ऑफिसात "मी करून राहिले" म्हटलं की पोरी एकमेकींकडे बघायच्या, म्हणून वर्षभरात जीभ घासून घासून पुणेरी केली. आणि एक दिवस डब्याच्या सुट्टीत त्याच पोरी डोकऱ्याबद्दल बोलत होत्या! दुपारी पुन्हा दाखवायला लागले होते. पेपरात लेख येत होते, केवढी थोर कलाकृती, आपल्याला तेव्हा कळलीच नाही. मी मनात म्हटलं, आमच्या सायकल स्टँडवर कळली होती.

शेवटच्या भागाच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आधी बोटांवर बाबांची पाळी मोजली, ती सवय आपल्यातल्या कुणाचीच सुटत नाही. दुपारची येत होती, म्हणजे त्या वेळी बाबा प्लांटमध्ये. सांगायचं माझ्यावरच होतं. घरमालकीणबाईंच्या सोफ्याच्या कडेला बसून मी पाहिलं. बस आली. माणसं उतरली. बस गेली. डोकरा बसून राहिला. मग त्याने सदऱ्याची घडी मोडली, तो स्वतःच्या अंगात घातला, बटणं लावली आणि शेताकडे चालायला लागला. संपलं. जेवायला बस नाही, काही नाही. तो डोकरा एक शब्दही बोलला नाही.

बाई म्हणाल्या, "काय सुंदर शेवट!"  ‘हातपाय धू, जेवाले बस’ हे आईने स्टोव्हला पंप मारता मारता रचलं होतं. गावच्या ओसरीवर बाबांना जे कुणी म्हटलं नाही, ते तिने त्या डोकऱ्याच्या तोंडी घातलं होतं. आणि आता ते बाबांकडून काढून घ्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. फोन होता देवांगन काकांकडे, पण दहा माणसांसमोर ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. गणपतीला तशीही जाणारच होते. अख्ख्या प्रवासात एकच घोळत होतं, आईला खोटं पडू द्यायचं की बाबांना खोटं सांगायचं?

लाइनीत शिरले तर मांडवात गलका. देवांगन काकांनी "नोनी आगे!", पोरगी आली, म्हणून हाक मारली, पण चेहरा पडलेला. लाइनीतल्या बहुतेकांनी शेवट पाहिला होता. कमिटीतली तरुण पोरं हट्टाला पेटली होती, आता खरा शेवटच करायचा, नाहीतर लोक हसतील. आणि बाबा खुर्चीवर हाताची घडी घालून बसलेले. त्यांनी त्या दिवशी काकांशी ड्यूटी बदलून घेतली होती! घरी बसून, आईच्या शेजारी, त्यांनी तो भाग पाहिला होता. माझी सगळी गणितं फुकट गेली.

मी विचारलं, "बाबा, मग?"

"मग काय? टीव्हीत नाई आला तं नाई आला," बाबा म्हणाले. "आपल्या इथं येते."

कमिटीची पोरं काहीबाही बोलत होती. बाबांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाले, तेवढ्याच शांतपणे. आई मांडवाच्या कडेला बायकांत बसून दुर्वा निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले होते. बाबा मला म्हणाले, "पाहून काय राहिली? जा, पँट घाल." नोकरी करणारी, पगारी बाई मी, पुन्हा दोरीने पँट आवळून बाकांवरून उतरले. कुणी हसलं नाही. बाबांनी सदरा दिला. वाक्य म्हणताना त्यांचा आवाज फुटला, आणि मला पुढे काय करायचं तेच आठवेना.

बाबा रिटायर झाले तसं क्वार्टर परत करावं लागलं. ज्या घरात मी जन्मले ते एका दुपारी किल्ली देऊन संपलं. कोहक्याला दोन खोल्यांचं घर घेतलं, तिथे बाबा फार दिवस राहिले नाहीत. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. नागपूरपासून पुढे गाडी मुंगीच्या पावलाने चालली. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबांचं झालं होतं अगदी तसंच माझं झालं.

कोहक्याच्या गल्लीत खुर्च्या मांडून माणसं बसली होती. मला पाहून त्यांनी माना वर केल्या. मी ते वाक्य ऐकायला तयार होऊनच आले होते. आत्ता आली का? म्हणा, मी मनात म्हणत होते, म्हणून टाका एकदाचं. तेवढ्यात आतून आई आली. कपाळ मोकळं, पाय ओढत. माझ्या हातातली बॅग तिने काढून घेतली.

"आली का?" म्हणाली. "हातपाय धू. जेवाले बस."

देवांगन काकूंनी भात आणि वरण आणून ठेवलं होतं. मी मोरीत बसून पायावर पाणी घेतलं आणि तिथेच मोठ्याने रडले. मग उठून जेवले, कारण आई ताटासमोर बसून होती.

आता आई माझ्याकडे पुण्यात असते. कान गेलेत, सीरियली बंद झाल्यात. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजून भिलाई म्हणते, पण तिथे आता माझ्या नावाची कडीसुद्धा नाही. ट्रॅफिकमध्ये अडकून मला रोज उशीर होतो. सोसायटीत सगळीकडे सामसूम असते आणि चावी फिरवल्याचं तिला ऐकूही येत नाही. तरी मी चप्पल काढते ना काढते तोच आतून तिचं ते वाक्य येतं. म्हणून ग्रुपवर भांडू नका. टीव्हीत तो पोरगा येत नाही, हे खरं आहे. आपल्या इथं येतो.